आत्याबाईंचा बुंधा

आज इतक्या वर्षांनी प्रोफेसरांना त्या दुपारबद्दल कुणी विचारलं, तर ते आधी चष्मा काढून पुसतील आणि मग म्हणतील, की माझ्या आठवणीवर फारशी भिस्त ठेवू नका. हा विनय नव्हे. आयुष्यभर त्यांनी इतिहास शिकवला, दोन साक्षीदारांचा मेळ बसल्याशिवाय काहीही खरं मानायचं नाही हे विद्यार्थ्यांच्या डोक्यात घातलं, आणि निवृत्तीनंतर तोच किडा त्यांच्या स्वतःच्या डोक्यात वळवळू लागला. दार लावलं का, गॅस बंद केला का, कालचं बोलणं काल झालं की परवा, प्रत्येक गोष्टीत ते स्वतःचीच उलटतपासणी घेत. त्या दुपारी ऊन होतं की मळभ हे त्यांना सांगता येत नाही. टेबलावर अंथरलेलं प्लॅस्टिक निळं होतं की पांढरं, यावरही ते अडतील. पण एक गोष्ट त्यांच्या मनात कित्येक वर्षं खिळा ठोकल्यासारखी पक्की बसलेली होती. पातं घसरलं ते बायकोच्या डाव्या अंगठ्यात, आणि रक्त तिचं होतं.

दिवाणखान्याची एक अख्खी भिंत खाऱ्या पाण्याच्या टाकीनं व्यापली होती. मुलगी नोकरीनिमित्त दूर गेली, घरात बोलायचे विषय आटत चालले, तेव्हा दोघांनी मिळून हा उद्योग अंगावर घेतला. लोक मासे पाळतात. यांनी प्रवाळ पाळले, तेही दगडासारखे कडक नव्हे, तर कातड्यासारखे मऊ, लवचिक. लेदर कोरल म्हणतात त्यांना. टाकी विकणाऱ्यानं शिफारसच तशी केली होती. "सर, यांना मारायचं म्हटलं तरी मेहनत करावी लागते," तो म्हणाला होता. त्यातलं सगळ्यात मोठं प्रवाळ अळंबीसारखं होतं. खाली मनगटाएवढा जाड बुंधा, वर सुरकुतलेली पसरट टोपी, आणि टोपीभर बारीक तंतू, पंपानं उठवलेल्या लाटेबरोबर गवतासारखे डुलणारे. मधूनच, काही कारण नसताना, ते सगळे तंतू आत ओढून घेई. टोपी गुळगुळीत व्हायची, तिच्यावर मेणचट पापुद्रा चढायचा, आणि आठवडाभर तिथे नुसता एक करडा गोळा दिसायचा. नवशिके हमखास इथेच चुकतात. मेलं समजून उचलून टाकून देतात. खरं तर ते कात टाकत असतं. एक दिवस तो पापुद्रा पाण्याच्या झोतात सुटून तरंगत जातो आणि प्रवाळ पहिल्यापेक्षा टवटवीत उघडतं.

"आत्याबाई रुसल्या," बायको म्हणायची. "आता कुणी समजूत घालायला जाऊ नका. भूक लागली की येतील आपोआप पानावर."

तेव्हापासून त्या प्रवाळाचं नाव आत्याबाई.

आत्याबाईंची टोपी इतकी पसरली, की खालच्या लहान प्रवाळांवर उजेड पडेना. ती कापायचं ठरलं. यात क्रौर्य काही नसतं. टोपी छाटून दगडाला दोऱ्यानं बांधली की तिला नवा पाय फुटतो, आणि उरलेल्या बुंध्याला नवी टोपी येते. त्या दुपारी त्यांनी प्रवाळ बाहेर काढलं, टाकीतल्याच पाण्यानं भरलेलं घमेलं जवळ ठेवलं, आणि उग्र, खारट वासानं दोघांनीही नाकं मुरडली. प्रवाळाच्या अंगाला बुळबुळीत स्राव सुटला होता. हातमोज्यांत पकड बसेना म्हणून मोजे काढावे लागले. पातं बुंध्यातून लोण्यातून जावं तसं गेलं, आणि शेवटी घसरलं. मग कोपऱ्यावरच्या डॉक्टरांचा दवाखाना, टाके, पांढरी पट्टी. परत येताना बायको काहीतरी असं बोलली, की दोघंही रस्त्यात थांबून पोट धरून हसले. काय बोलली, ते मात्र प्रोफेसरांना पुढे काही केल्या आठवेना.

संध्याकाळी टोपी नव्या दगडावर बांधताना तिनं विचारलं होतं, "अहो, आता यातल्या खऱ्या आत्याबाई कुठल्या? हा बुंधा, की ही टोपी?"

"दोन्ही."

"दोन्ही कशा? मूळ एकच असणार ना."

"दोघांना विचारून बघ," प्रोफेसर म्हणाले. "दोघंही म्हणतील, मीच."

ती हसली होती. हे हसू त्यांना स्वच्छ आठवतं, कारण पुढे घरात ते फारसं ऐकू आलं नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी ती आजारी पडली. कसला आजार, हे नीट कळलंच नाही. अंगात ताप नव्हता, दुखणं नव्हतं, फक्त ती बोलेनाशी झाली, खाईनाशी झाली, आणि झोपायच्या खोलीचं दार बंद झालं. प्रोफेसरांच्या मनात त्या दिवसांचं एकच चित्र उरलं आहे. ते बंद दार, त्याच्या आकड्याला अडकवलेला पिवळा टॉवेल, दाराखालच्या फटीत मधूनच येऊन थबकणारी आणि निघून जाणारी दोन पावलांची सावली. हवेत मिठाचा वास. त्यांनाही अन्न जात नव्हतं, हातपाय शिशासारखे जड झाले होते, डोळ्यांपुढे सतत एक करडा उजेड. काळजीनं माणसाचं असंच होतं, असं त्यांनी नंतर स्वतःला समजावलं. डॉक्टरांना का बोलावलं नाही? बहुधा त्यांना वाटलं असावं, की रुसलेल्याची समजूत घालायला जाऊ नये.

मग एका सकाळी दार उघडलं. उंबऱ्यावर दोघं समोरासमोर आले. ती किती वाळली होती! केस विस्कटलेले, नखांत माती भरलेली. त्यांना पाहून तिनं दोन्ही हात तोंडावर दाबून धरले आणि ती हळूहळू भिंतीला टेकत खाली बसली.

खालूनच म्हणाली, "बरं वाटतंय?"

हा प्रश्न खरा त्यांनी विचारायचा. त्यांना हसू आलं. "तुला?" ते म्हणाले, आणि त्यांना अशी भूक लागली, जशी तरुणपणीही कधी लागली नव्हती.

त्या दिवसापासून ती बरी झाली, पण पूर्वीची राहिली नाही. सुरुवातीला प्रोफेसरांनी मनावर घेतलं नाही. आजारातून उठलेलं माणूस थोडं तुटकच वागतं. ती मुलीच्या रिकाम्या खोलीत झोपू लागली. म्हणाली, तुमची झोपमोड नको. त्यांची झोप तर उलट सुधारली होती, आणि इतकी वर्षं जिना चढताना कुरकुरणारा गुडघाही गप्प झाला होता. चहा द्यायची, पण कप हातात न देता टेबलावर ठेवून हात मागे घ्यायची. ते वाचत बसले, की तिची नजर आपल्यावर आहे हे त्यांना मानेवर कळायचं. वर पाहिलं, की ती दुसरीकडे बघत असायची. त्यांनी टाकीत हात घातला, की ती खोलीतून निघून जायची. आणि तिच्या त्या खोड्या, टोमणे, आत्याबाईंच्या नावानं चालणारं नाटक, सगळं एकदम थांबलं होतं. हळूहळू ज्या शंकेला ते शब्द देत नव्हते, तिनं स्वतःच शब्द शोधले. ही बाई सगळं जाणते, कुठला डबा कुठे आहे, मला चहात किती साखर लागते, पण ही माझी बायको आहे का?

शंका आली, की इतिहासाचा माणूस पुरावा शोधू लागतो. पहिली गोष्ट सापडली ती टाकीत. मागच्या कोपऱ्यातला बुंधा, ज्याला एव्हाना शर्टाच्या बटणाएवढी नवी टोपी फुटली होती, तो जागेवर नव्हता.

"अगं, बुंधा कुठे गेला?"

ती भांडी पुसत होती. "गेला तो. बंद झाला होता. मी पुरला मागच्या अंगणात."

"पुरलास? कधी?"

"तेव्हाच," ती म्हणाली. "त्या आजारपणात."

ते मागे जाऊन बघून आले. कुंपणाला लागून एक नवा वाफा केलेला होता, त्यात तिनं हिरवळ लावली होती.

"मुठीएवढ्या बुंध्याला एवढा लांब वाफा?"

"मुळांना जागा लागते," ती म्हणाली, आणि पुसलेलंच ताट पुन्हा पुसू लागली.

दुपारी ती तिथे जाऊन बसे, घराकडे पाठ करून. एकदा खिडकी उघडताना प्रोफेसरांना तिचं हसू ऐकू आलं. तेच जुनं, घशातून फुटणारं. ती मान तिरकी करून कुणाला तरी टोमणा मारावा तशी बोलत होती. त्यांची चाहूल लागताच गप्प झाली. घरात माझ्याशी नाही, आणि गवताशी हसते, या विचारानं त्यांनी खिडकी पुन्हा लावून घेतली.

दुसरा पुरावा त्यांना टेबलावरच मिळाला. ती लिंबू पिळत होती, खिडकीतून तिरीप आली होती, आणि त्या उजेडात तिचा डावा अंगठा स्वच्छ दिसत होता. त्यावर काही नव्हतं.

"वण कुठे गेला?" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"कसला?"

"अंगठ्यावरचा. टाके घातले होते तो."

तिनं लिंबाची फोड खाली ठेवली. "माझ्या अंगठ्यावरचा?"

"मग कुणाच्या?"

स्वतःच्या हाताकडे तिनं पाहिलंही नाही; ती टेबलावर टेकलेल्या त्यांच्या हाताकडे बघत होती. मग अगदी हलक्या आवाजात, मुलाची समजूत काढावी तशी म्हणाली, "भरून आला असेल," आणि उठून गेली. लिंबू तसंच राहिलं.

एवढा खोल वण भरून येत नसतो. डॉक्टरांनीच तर सांगितलं होतं, जन्मभर राहील म्हणून. प्रोफेसरांनी त्याच दिवशी मुलीला फोन लावला.

"तुझ्या आईचं काहीतरी बिनसलंय," ते म्हणाले. "ती... ती पूर्वीची नाही राहिली."

"बाबा, आईचाही फोन आला होता. रडत होती. काय चाललंय तुम्हा दोघांचं?"

"काय म्हणाली?"

"धड काही सांगेना. म्हणाली, इतकी वर्षं संसार केलेलं माणूस एकाएकी अनोळखी वाटावं, असं होतं का गं कुणाचं?"

"बघ," प्रोफेसर म्हणाले, आणि त्यांना जवळजवळ सुटल्यासारखं वाटलं. "तिला माणसं ओळखता येईनाशी झालीत."

मुलीनं ठरवलं, की येत्या रविवारी येऊन आईला आपल्याकडे न्यायचं, चांगल्या डॉक्टरला दाखवायचं, आणि मग बघू, तिकडेच ठेवून घेता येईल. प्रोफेसर "हो" म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांना जाणवलं, की आपण बायकोला घराबाहेर काढलं. इतक्या वर्षांच्या संसाराचा निकाल एका अंगठ्यावर.

तिनं काही विरोध केला नाही. बॅग भरायला लागली. तिचे गरम कपडे झोपायच्या खोलीतल्या कपाटात होते, ते काढायला प्रोफेसर गेले, तेव्हा त्यांच्या पाठीमागे खोलीचं दार वाऱ्यानं लोटलं गेलं. ते वळले. दाराच्या आतल्या अंगाला आकडा होता, आणि आकड्याला तो पिवळा टॉवेल.

कपडे हातात तसेच धरून ते उभे राहिले. आकडा बाहेरच्या अंगाला नाही, कधीच नव्हता. मग त्या दिवसांत ज्या दाराकडे ते बघत राहिले होते, ते कुठून? पण स्वतःला खोटं पाडण्याची सवय अशा वेळी उपयोगी पडते. आठवण ही ठिगळांची गोधडी, इथला तुकडा तिथे जोडला जातोच, असं त्यांनीच वर्गात शेकडो वेळा सांगितलं होतं. त्यांनी दार उघडलं, बाहेर आले, आणि पुन्हा त्या दाराकडे बघितलं नाही.

रविवारी सकाळी बॅग दिवाणखान्यात येऊन बसली होती. मुलगी दुपारपर्यंत पोचणार होती. टाकीत आत्याबाई पुन्हा रुसल्या होत्या. टोपीवर मेणचट पापुद्रा चढला होता आणि त्याचं एक टोक सुटून पाण्यात फडफडत होतं. ती टाकीसमोर खुर्ची ओढून बसली, कितीतरी आठवड्यांनी पहिल्यांदाच.

"अहो, एक विचारू?"

"विचार."

"बंद झालेलं आणि मेलेलं, यात फरक कसा ओळखायचा?"

"वासावरून. मेलं की पाणी नासतं, लपत नाही. तसा वास नसेल तर थांबायचं."

"किती?"

"उघडेपर्यंत."

"आणि एखाद्याचा धीर सुटला तर? घाबरून, मेलंच समजून..."

"टाकून देतात. नवशिके करतात तसं."

ती खिडकीकडे बघत होती, मागच्या अंगणाच्या दिशेला. "मग असं टाकून घरात यावं, आणि ते आपलं तिथेच असावं. जागेवर. टवटवीत उघडलेलं. तर काय समजायचं?"

बुंध्याचंच तिनं मनाला लावून घेतलंय, प्रोफेसरांना वाटलं, आणि त्यांना तिची दया आली. "एखादा तुकडा मागे राहिला असेल," ते म्हणाले. "फार लागत नाही गं. नखाएवढा पुरतो. त्यातून अख्खं वाढतं."

"नखाएवढा," ती म्हणाली. तिनं डोळे मिटून घेतले. "आणि ते आपलंच असतं?"

"दुसऱ्या कुणाचं असणार?"

"त्याला माहीत असतं? की आपण दुसऱ्यांदा..."

"त्याला काय माहीत असायचंय? ते आपलं उघडतं आणि उजेड खातं."

त्याच वेळी पापुद्रा सुटला. एक करडी, अर्धपारदर्शक साल लाटेबरोबर उलटली, पंपाकडे खेचली गेली, आणि खालून ताजी, मऊ टोपी दिसू लागली. एकेक तंतू बाहेर येत होता. दोघंही बघत राहिले. मग ती उठली, त्यांच्यासमोर आली, आणि कितीतरी दिवसांनी तिनं त्यांना हात लावला. त्यांचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तिनं तो सोडला नाही.

"मी राहते इथेच," ती म्हणाली. "चालेल?"

पुरावे बिरावे सगळे एकीकडे. "अगं, तुझंच घर आहे," ते म्हणाले.

तिनं स्वतःच बॅग उचलून आत नेली. मुलगी आली, जेवली, दोघांवर सारखीच वैतागली. "मला काय कामधंदा नाही का?" म्हणाली, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेली.

त्यानंतर ती दोघं बरीच वर्षं एकत्र राहिली, आणि वाईट राहिली असं म्हणता येणार नाही. ती त्यांची काळजी घ्यायची, आजारी माणसाची किंवा पाहुण्याची घ्यावी तशी, कुठेही कसूर न करता. अंगणातल्या वाफ्याला कधी पाणी कमी पडलं नाही. आपल्याच बायकोशी आपण नव्यानं ओळख करून घेतोय, या भावनेची प्रोफेसरांना सवय झाली. आपल्यालाच ती उमगत नाही, दोष आपलाच असेल, असं ते स्वतःला सांगत. ती शेवटची आजारी पडली तेव्हा बोलणं बंद झाल्यावरही तिनं त्यांचा हात धरून ठेवला होता, आणि तिचं बोट त्यांच्या डाव्या अंगठ्यावरून फिरत होतं, पुन्हा पुन्हा त्याच जागेवरून, अंधारात दिव्याचं बटण चाचपडावं तसं. ग्लानीतल्या माणसाचे चाळे, असं त्यांना वाटलं.

ती गेल्यावर टाकी बरीच मोठी वाटू लागली. प्रोफेसर दुपारी कोपऱ्यावरच्या त्याच डॉक्टरांकडे जाऊन बसत. दवाखाना केव्हाच बंद झाला होता. डॉक्टरही आता म्हातारे, कानांनी कमी, पण स्मरणशक्ती तल्लख आणि तोंड त्याहून. एकदा बोलता बोलता आत्याबाईंचा विषय निघाला.

"ते तुमचं प्रवाळ! विसरेन कसा?" डॉक्टर म्हणाले. "साप चावलेले पाहिले, कुत्रं चावलेले पाहिले. पण अळंबीचं ऑपरेशन करताना जखमी झालेला सर्जन एकच. आणि नुसती सुई दाखवली, तर तुम्ही आडवे!"

प्रोफेसर हसले. "मी नाही हो. बायको. अंगठा तिचा कापला होता."

"काय म्हणता?" डॉक्टरांनी कानाला हात लावला.

आतून डॉक्टरांच्या बायकोनं उत्तर दिलं. दवाखान्याचा बाहेरचा कारभार तेव्हा त्याच बघत. "तुमचाच, भाऊजी. माझ्या नव्या कोऱ्या बाकावर आडवे झाला होता की. आणि वहिनी बाहेर हसून हसून बेजार. मला म्हणाल्या, 'पेशंट ठणठणीत आहे हो, टाके पडले ते सर्जनला!'"

हेच ते वाक्य. रस्त्यात थांबून दोघं ज्यावर हसले होते ते. ऐकताक्षणी प्रोफेसरांनी ओळखलं.

दोन साक्षीदार, आणि दोघांचा मेळ बसत होता.

"डाव्या अंगठ्याच्या मुळापासून पार नखापर्यंत," डॉक्टर म्हणाले. "जन्मभर राहील म्हणून सांगितलं होतं मी. बघू, कसं काय शिवलं होतं ते." त्यांनी चष्मा लावला, प्रोफेसरांचा डावा हात धरून खिडकीच्या उजेडात नेला, आणि अंगठा इकडून तिकडून वळवून पाहिला. मग उजवा मागितला. मग पुन्हा डावा. अंगठा सगळीकडून मऊ, सलग आणि कोवळा होता. डॉक्टरांनी हात हलकेच परत त्यांच्या मांडीवर ठेवला, आणि खिशातून रुमाल काढून आपली बुळबुळीत झालेली बोटं एकेक करून पुसली.